नव्या आवृत्तीत रुग्णांच्या अ‍ॅलर्जीच्या नोंदी निकामी झाल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. ग्राहक सेवा व्यवस्थापक

स. न. वि. वि.

सांगलीच्या गावभागात माझा दवाखाना आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात केसपेपरचं कपाट भिजून कागदांचा लगदा झाला, म्हणून मी तुमचं सॉफ्टवेअर घेतलं. वाचलेल्या कागदांवरून नोंदी चढवायला मी आणि माझा कंपाउंडर कित्येक रात्री जागलो आहोत.

मागच्या सोमवारी हरिपूरच्या एक आजी लघवीला जळजळ होते म्हणून आल्या. मी कोट्रायमॉक्साझोल लिहिलं. स्क्रीनवर कसलाही इशारा आला नाही. चिठ्ठी हातात घेतल्यावर आजीच म्हणाल्या, "डॉक्टर, मला ते सल्फा चालत न्हाई, तुम्हीच सांगितलेलं. ह्यात न्हाई न्हवं?" ह्यात तेच होतं. पूर्वी त्यांच्या अंगभर चट्टे उठले होते, तोंडही सोललं होतं. चिठ्ठी मी तिथेच फाडली.

मग शोधलं. नोंद होती, पण तिसऱ्या टॅबमध्ये, 'इतर माहिती'खाली. अपडेट करताना तुम्ही अ‍ॅलर्जीच्या जुन्या नोंदी साध्या मजकुरात ढकलल्यात आणि औषध तपासणारी यंत्रणा फक्त कोड असलेली यादी बघते. सल्फा हा औषधांचा गट, कोट्रायमॉक्साझोलमधलं सल्फामेथॉक्साझोल त्यातलंच, हे मला वाचताक्षणी कळतं. संगणकाला ती नुसती दोन अक्षरं. केसपेपरवर हाच शब्द मी उजव्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहायचो; औषध लिहिताना नजर चुकवावी म्हटलं तरी चुकत नसे.

तुमच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, "सर, टॅब उघडून बघत चला." बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली असताना प्रत्येकाचे तीन टॅब? हे उत्तर देणाऱ्याने एकदा सकाळच्या ओपीडीत येऊन बसावं.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या ईएचआर (संगणकावरच्या आरोग्य नोंदींच्या) मानकांत स्नोमेड सीटीचे, म्हणजे वैद्यकीय संज्ञांच्या प्रमाणित यादीतले, कोड सांगितलेले आहेत. ते वापरून जुन्या नोंदी परत यादीत आणा. मात्र यंत्राने लावलेला प्रत्येक कोड मी तपासल्याशिवाय पक्का करू नका. अ‍ॅलर्जी औषध लिहिण्याच्या स्क्रीनवरच, सगळ्यात वर, लाल रंगात दिसली पाहिजे. आणि ज्यांच्या नोंदी अशा हलल्या, त्या माझ्या सगळ्या रुग्णांची यादी मला आठ दिवसांत हवी आहे. बाकी दुरुस्त्यांना वेळ लागेल हे मी समजू शकतो, यादीला लागू नये.

हे होईपर्यंत मी वार्षिक शुल्क भरणार नाही. सध्या कंपाउंडर दारातच प्रत्येकाला "कुठलं औषध सोसत नाही?" असं विचारतो आणि लाल पेनाने वहीत लिहून घेतो.

आपला,
एक जनरल प्रॅक्टिशनर, सांगली