कंदिसा आणि केक

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला मोठ्या कॉन्सर्टवरचा लेख वाचला. वाचून झाल्यावर म्हटलं जाऊ दे, कशाला डोक्याला ताप, पण सकाळी चहा ठेवतानाही तेच डोक्यात घोळत होतं म्हणून शेवटी लिहायला बसले. ते इंग्लंडचे बँडवाले, कोल्डप्ले, जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत तीन दिवस वाजवून गेले, स्टेडियम भरलं, सगळं मान्य. माझा भाचा पण गेला होता. परत आल्यावर विचारलं, काय रे, काय काय दिसलं, तर म्हणाला, मावशी स्क्रीन एकदम भारी होती! मग टीव्ही काय वाईट होता?

पण मुद्दा तो नाही. तुमच्या लेखकाने जाता जाता एक वाक्य टाकलंय की छोट्या जागेत बँड ऐकणं हा मूठभर हौशी लोकांचा प्रकार आहे आणि तो आता संपत आलाय. आणि त्याच पानावर आपल्या दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचा फोटो, खाली लिहिलंय "बँडचा सध्याचा संच". अहो, त्या फोटोत तबला वाजवणारे, गाणारे असीम चक्रवर्ती आहेत. ते २००९ च्या डिसेंबरात गेले. शेजारी गिटारवाले सुस्मित सेन आहेत, त्यांनी २०१३ मध्ये बँड सोडला. सध्याचा संच! फोटो छापण्याआधी कुणीतरी एकदा गुगल तरी करायचं ना.

मी इंडियन ओशनची फॅन आहे. या वयात फॅन वगैरे म्हणू नकोस असं मुलगी सांगते, पण दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मी मूळची शहाद्याची, कॉलेजात धडगावकडच्या दोघी वर्गात होत्या, नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात तिकडचं मणिबेली गाव पाण्याखाली जायचं चाललं होतं तेव्हाच्या गोष्टी आम्ही पेपरात नाही वाचल्या, त्यांच्या तोंडून ऐकल्या. पुढे लग्न होऊन पुण्यात आल्यावर २००० साली त्यांच्या कंदिसा अल्बमची कॅसेट हाताला लागली आणि त्यात माँ रेवा, म्हणजे नर्मदेचं गाणं. नंतर कळलं की हे बेस वाजवणारे राहुल राम अमेरिकेत कॉर्नेलला पीएचडी करून आले आणि नर्मदा बचाओ आंदोलनात खोऱ्यात राहिले, ते गाणं तिथूनच त्यांच्याबरोबर आलं. मला ते ऐकताना त्या दोघीच आठवतात, त्याला मी काय करू. कॅसेटची एक बाजू घासून घासून शेवटी आवाज बारीक झाला होता.

तर गेल्या हिवाळ्यात त्यांचा पुण्यात एका हॉटेलात शो होता. नाव लिहीत नाही, तुम्ही छापणार नाही आणि मला भांडण नकोय. दीड-दोनशे माणसांची जागा, स्टेज म्हणजे चौरंगापेक्षा थोडं उंच. तिकीट काढलं, वर कसलीशी फी, ती पण भरली. आत गेलो तर पुढची टेबलं ज्यांनी अमुक हजारांचं जेवण आधी बुक केलंय त्यांना, आणि आम्ही नुसतं गाणं ऐकायला आलेले म्हणून उभे. कुठे, तर टॉयलेटच्या दाराशी. दार उघडलं की आतला पांढरा उजेड थेट तोंडावर आणि मागून फ्लशचा आवाज. आमचे हे म्हणाले, चल घरी, यूट्यूबवर आहे सगळं. मी म्हटलं तुम्ही जा.

अर्ध्या तासाने सरकत सरकत एका खांबापाशी जागा मिळाली आणि तिथून मग काय दिसलं सांगते, जे त्या तुमच्या स्टेडियमात कुणाला जन्मात दिसणार नाही. अमित किलम ड्रम्स सोडून उठले आणि त्यांनी गबगुबी घेतली. बाउल लोक वाजवतात ते, छोट्या डब्यासारखं, बगलेत दाबून धरायचं, तार एका हाताने ताणायची आणि दुसऱ्याने छेडायची. रेकॉर्डवर मी वीस वर्षं तो गुबगुब आवाज ऐकत होते आणि समजत होते की हा तबल्याचाच काहीतरी प्रकार असणार. तार ताणताना त्यांच्या मनगटाची शीर वर येत होती ती मला दिसत होती हो! तार जितकी ओढतील तितका सूर वर चढायचा आणि ढील दिली की लगेच खाली घसरायचा, आणि तोंडाने ते मोजत होते. एवढ्यासाठी मी टॉयलेटच्या दाराशी अर्धा तास काय, दोन तास उभी राहिले असते.

आणि मग कंदिसा. केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी अरामी भाषेतली प्रार्थना, शब्दाचा अर्थ कळत नाही तरी अंगावर काटा येतो. सुरुवात किती हळू आहे ते ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे. राहुल रामांचा आवाज खालून कुठूनतरी येतो, हिमांशू जोशी त्यात मिसळतात, सगळी माणसं गप्प झालेली, आणि नेमकं तेव्हाच किचनचं दार उघडलं. चार वेटर टाळ्या वाजवत बाहेर. हातात केक, केकवर ती फुलबाजीसारखी मेणबत्ती फुरफुर करतेय, आणि हॅपी बर्थडे टू यू. पुढच्याच टेबलावर, स्टेजपासून चार हातांवर. बर्थडे बॉय चाळिशीचा असेल. त्याची सगळी गँग उभी राहिली, मोबाइल वर, सेल्फीत मागे बँड यायला पाहिजे म्हणून एक बाई वेटरला सांगतेय जरा बाजूला व्हा. बँडवाले थांबले नाहीत, बिचाऱ्यांना सवय असावी. मी पुढे जाऊन फक्त एवढंच म्हटलं, हे गाणं संपू दे ना पाच मिनिटं. तर उत्तर काय, रिलॅक्स आंटी, एन्जॉय करो. पुण्यात, मराठी माणूस मराठी बाईला हिंदीत आंटी म्हणतो.

नंतर त्यांनी आम्हालाही एक तुकडा आणून दिला. चॉकलेट केक होता. ह्यांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी त्या हॉटेलला ईमेल केली, सभ्य भाषेत. उत्तर आलं की तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मोलाचा आहे, पुढच्या ब्रंचवर दहा टक्के सूट. मला ब्रंच नकोय. मला असं ठिकाण हवंय जिथे गाणं चालू असताना मिक्सर बंद असतो.

तेव्हा तुमच्या लेखकाला सांगा, छोट्या जागेत ऐकायला माणसं आहेत, त्या रात्री माझ्यासारखी निदान चाळीस जणं भिंतीला टेकून उभी होती. जागाच नाहीत. आमचे हे मूळचे मुंबईचे, धोबी तलावाच्या रंगभवन या खुल्या थिएटरात कॉलेजात असताना पडीक असायचे. आजूबाजूला हॉस्पिटल आणि कॉलेज, शंभर मीटरचा सायलेन्स झोन, म्हणून गाणं बंद, संपलं रंगभवन. लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा गाण्याचा क्लब, २००७ ला सुरू झाला, २०१६ ला बंद. मग उरतं काय, हॉटेलं, आणि त्यांना बँड म्हणजे पनीर टिक्क्याबरोबरची चटणी. यावर तुमच्याकडे एक ओळ नाही, पण स्टेडियमच्या पार्किंगवर अर्धा कॉलम.

बाकी पेपर चांगला असतो, गेली बावीस वर्षं घेतोय, म्हणून तर लिहिते.

कळावे,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

ता. क. : पान चारवर "शहरात आज" म्हणून बारीक यादी यायची, कुठे गाणं, कुठे नाटक, कुठे व्याख्यान. मागच्या वर्षीपासून ती काढून तिथे राशिभविष्य दुप्पट केलंय. हा शो मला त्यामुळे भाजीवाल्याकडे लावलेल्या पोस्टरवरून कळला. राशीत त्या दिवशी लिहिलं होतं, कलेचा आनंद मिळेल, वाद टाळा. यादी परत सुरू करा आणि फोटोची दुरुस्ती छापा, लहान अक्षरात छापली तरी चालेल.