शून्य डॉलरचं तिकीट

ती. बाबांस व ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, आधी तुझ्यासाठी: तब्येत उत्तम आहे. गाल बसलेले दिसतात ते फोनच्या कॅमेऱ्यामुळे. जाड कोट घेतलाय. रात्री उशिरा एकटी फिरत नाही. कुलकर्णी काकूंना कोण काय सांगतं देव जाणे.

बाबा, रविवारी इथलं, वॉशिंग्टनमधलं, स्मिथसोनियन संस्थेचं विमानांचं संग्रहालय पाहिलं. तिकीट फुकट, पण काढावंच लागतं! तेही आधी ऑनलाइन, दिवस आणि वेळ धरून. म्हणजे शून्य डॉलरचं तिकीट. दारातला माणूस ते गंभीरपणे स्कॅन करतो आणि वेळेआधी आलात तर बाजूला थांबवतो. फुकट आहे तर वेळ कशाला, असं मैत्रिणीला विचारलं, तर म्हणाली, फुकट आहे म्हणूनच. ‘आम्ही दोघंच आहोत हो, सोडा की’ असंही कुणी म्हणत नाही. मला अजून पटलेलं नाही.

आत अपोलो ११ चं ‘कोलंबिया’ यान आहे. ओझरला तुम्ही मिगवर आयुष्य काढलंत, तुम्ही तिथून हलला नसतात. ते यान सांभाळणारा मायकेल कॉलिन्स. तुम्ही फोनवर म्हणालात ना, ‘एवढी इंजिनिअर होऊन टेबलावर बसलीस?’, म्हणून मुद्दाम लिहिते. हा हवाई दलाचा चाचणी वैमानिक. १९५६ मध्ये फ्रान्समध्ये पेटलेल्या सेबर लढाऊ विमानातून बाहेर पडून वाचला, १९६६ मध्ये जेमिनी १० यानातून अंतराळात गेला. १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले तेव्हा हा वर एकटा, दर फेरीत सुमारे ४८ मिनिटं चंद्राआड, रेडिओ बंद. ही मोहीम पार पडली तर पुन्हा जाणार नाही, हे त्याने निघण्याआधीच सांगून टाकलं होतं. घरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून. आणि १९७१ मध्ये या संग्रहालयाचा संचालक झाला, तेव्हा ही इमारतच नव्हती! निधी, बांधकाम, तारखा, सगळं टेबलावरचंच काम. तरी ठरल्या खर्चाच्या आत, १ जुलै १९७६ ला दारं उघडली. राष्ट्राध्यक्ष हजर असूनही फीत कापली गेली ती मंगळाजवळच्या व्हायकिंग यानाच्या संकेताने. आपल्याकडे आमदार रुसले असते.

मी काही कॉलिन्स नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण काम चांगलं आहे.

या महिन्यात पैसे थोडे कमी पाठवलेत, घरभाडं वाढलं. हॉलचा ॲडव्हान्स मात्र मीच भरणार, काकांकडे मागू नका. दादाच्या साखरपुड्याला येणं जमत नाही. नव्या कामात लगेच रजा मिळत नाही. त्याला तुम्हीच सांगा, माझा फोन तो उचलत नाहीये. लग्नाला नक्की येते. आई, नाशिकच्या त्या मुलाबद्दल तेव्हाच बोलू, तोवर त्यांना ‘हो’ म्हणू नकोस. ‘नाही’ही नको.

कळावे,
तुमची मनू

ता. क. पैसे आईच्या खात्यावर टाकलेत. बाबांना दिले की ते माझ्याच नावाने एफडी करतात.