नासत नाही, आटतं

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तुला गरोदरपणाचा दहावा आठवडा, चिनू पंधरा महिन्यांचा, तो अजून दिवसातून चार-पाच वेळा अंगावर पितो, आणि घरात सगळ्यांचं "आता तोड बाई" सुरू झालंय. फोनवर या विषयावर मोकळं बोलता येत नाही, शेजारी कुणी ना कुणी असतंच. म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाच.

तुझ्या सासूबाई म्हणतात की दिवस गेलेल्या बाईचं दूध नासतं आणि वरचं मूल खंगतं. त्यांना उलट बोलू नकोस. खंगलेली मुलं त्यांनी पाहिलेलीच असणार. आयुर्वेदात या दुखण्याला नाव आहे, पारिगर्भिक. गर्भिणीचं दूध पिणाऱ्या मुलाला खोकला, मंदाग्नी, ओकाऱ्या, अरुची, कृशता आणि पोट मोठं दिसणं ही लक्षणं माधवनिदान या जुन्या ग्रंथात दिलेली आहेत. आफ्रिकेत घानामधल्या गा भाषेतही असाच शब्द आहे, क्वाशिऑरकॉर. पाठचं भावंड आल्यावर आईपासून बाजूला सारलेल्या मुलाचं दुखणं, असा त्याचा अर्थ. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३० च्या दशकात तो वैद्यकात आणला. आपण त्याला सुजवटी म्हणतो. दोन टोकांच्या लोकांनी एकच गोष्ट पाहिली, पण मूल खंगतं ते दूध विटल्यामुळे नाही. दूध आटतं, आणि त्याची जागा ताटाने भरून काढलेली नसते. मूल उपाशी राहतं, एवढंच.

नासण्याबद्दल म्हणशील तर गाभण गाय विण्याच्या दोन महिने आधीपर्यंत पिळतात. तुमच्या चहातलं दूध बऱ्याचदा गाभण गाईचंच असतं. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

आता आटण्याचं बघू. गर्भाला पोसणारी वार तयार होऊन कामाला लागली की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढतं. स्तनात दूध तयार होण्याचं काम हेच दोन पदार्थ दाबून ठेवतात. म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमाराला बहुतेकींचं दूध कमी होतं. इथे शतावरीचा उपयोग नाही, जास्त पाणी पिण्याचाही नाही, आणि "जास्त पाजलं की जास्त येतं" हा नेहमीचा नियमही या महिन्यांत चालत नाही. पैसे घालवू नकोस. त्यानंतर उरलेल्या दुधाचा हळूहळू चीक होत जातो. साखर कमी, मीठ जास्त. चिनू एखादे दिवशी तोंड लावून वेडंवाकडं तोंड करेल आणि उठून जाईल. काही मुलं तेव्हाच आपणहून सोडतात, काहींना चवीचं काही देणंघेणं नसतं. कोणता प्रकार आपल्या वाट्याला येईल ते आधी सांगता येत नाही.

म्हणून तोडायचं की नाही हे ठरवण्याआधी ताट भर. दुसऱ्या वर्षातल्या मुलाला दिवसाला साधारण ९०० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात त्यातल्या सुमारे ५५० जेवणातून आणि उरलेल्या ३५० आईच्या दुधातून येतात, म्हणजे साधारण अर्धा लिटर दूध. चिनू नेमका तेवढाच पितो असं नाही, पण उद्या ते सगळं गेलं असं धरून चाल. दिवसभरात ४०० मिली गाईचं दूध आणि एक उकडलेलं अंडं, झाल्या ३५० च्या आसपास. अंडं खात नसेल तर दाट वरण-भातावर दोन चमचे जास्तीचं साजूक तूप आणि वाटीभर दही. दूध ५०० मिलीच्या वर जाऊ देऊ नकोस. पोट दुधाने भरलं की मूल जेवत नाही आणि रक्त कमी होतं. बाटली तर नकोच, पेल्यानेच दे.

जेवण दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाऊण ते एक वाटी, पण मोठी, २५० मिलीची. मध्ये एक-दोनदा केळं, चिकू, शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू. अख्खा शेंगदाणा मात्र नको, घशात अडकतो. डाळीच्या पाण्यात काही नसतं, डाळ खाली राहते आणि पिवळं पाणी मुलाच्या पोटात जातं. खिचडी चमच्यातून ओघळली तर ती पातळ झाली, चमचा वाकडा केला तरी टिकून राहील अशी हवी. अंगणवाडीतून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली, ते चुकवू नकोस. आणि दर महिन्याला वजन कर, त्याच काट्यावर. या वयात महिन्याला २०० ग्रॅमच्या आसपास वाढ असते. दोन महिने काटा हलला नाही तर डॉक्टरांना दाखव. चिनू वर्षाच्या आतला असता तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा मुख्य अन्न दूधच असतं आणि ते आटलं तर डॉक्टरांना विचारून पावडरचं दूध सुरू करावंच लागतं. सहा महिन्यांच्या आतलं असतं तर त्याहून घाईने.

पोटातल्या बाळाची भीती तुला वाटते ते कळतं. पाजताना पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे, आणि कळाही त्याच ऑक्सिटोसिनने येतात. मग धोका का नाही? कारण ते पकडायची जागा गर्भाशयात सुरुवातीच्या महिन्यांत फारच थोडी असते. ती दिवस भरत येतात तशी वाढते. शिवाय प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाला शांत ठेवतं. सगळं सुरळीत असलेल्या गरोदरपणात पाजल्यामुळे गर्भ पडतो असा पुरावा नाही.

पण सगळं सुरळीत आहे ना, हे डॉक्टरांकडून कळायला हवं. पहिलं बाळंतपण ३७ आठवड्यांच्या आत झालेलं असेल, जुळं असेल, रक्त जात असेल, वार खाली असेल, गर्भाशयाचं तोंड आखूड निघालं किंवा त्याला टाका घातला असेल, तर पाजणं थांबवायचं. लक्षात ठेवायला सोपी खूण सांगते. ज्या कारणासाठी डॉक्टर नवराबायकोला दूर राहायला सांगतात, त्याच कारणासाठी पाजणंही बंद. काही डॉक्टर सवयीने "बंद करा" म्हणून मोकळे होतात. तेव्हा "माझ्या बाबतीत काय कारण आहे?" एवढं विचार. कारण सांगितलं तर ऐक. आणि पाळी परत सुरू व्हायच्या आधीच दिवस राहिले असतील तर लवकरची सोनोग्राफी टाळू नकोस. तारीख तीच ठरवते, आणि पुढे "३७ पूर्ण की नाही" हा सगळा हिशोब तिच्यावरच असतो.

पाजताना पोट कडक झालं तर चिनूला बाजूला घे, लघवीला जाऊन ये, दोन पेले पाणी पी, डाव्या कुशीवर पड. बहुधा थांबतं. दिवस भरण्याआधी एका तासात चारपेक्षा जास्त वेळा पोट कडक झालं, किंवा रक्त वा पाणी गेलं, तर कुणाची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

खरा त्रास सहसा बोंडांचा असतो. पहिल्या तीन महिन्यांत ती इतकी हुळहुळी होतात की ब्लाउजचं कापडही सहन होत नाही. हे आतल्या बदलांमुळे असतं, त्यामुळे मलमाने फारसं काही होत नाही. उपयोग होतो तो पकड सुधारल्याने. पंधरा महिन्यांचं मूल आळशीपणाने टोकावरच लटकतं. "आ कर, मोठ्ठा आ" असं म्हणून तोंड पूर्ण उघडू दे, मग जवळ घे. नीट पिताना जीभ खालच्या दातांवर असते, त्यामुळे चावता येतच नाही. चावतं ते पेंगलं की, जबडा आवळतो तेव्हा. म्हणून त्याच्या घशाकडे कान दे. चोखणं, चोखणं, मग घोट. घोटाचा आवाज थांबला की दूध संपलं, उरलं ते कोरडं चोखणं, आणि दुखतं तेच. लगेच ओढून काढू नकोस. करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून दातांच्या मधे सरकव, हवा आत गेली की पकड सुटते.

एका बाजूला पिताना दुसरं बोंड चिमटीत धरून फिरवत बसायची त्याची सवय मात्र आधी मोड. हातात मोठ्या मण्यांची माळ किंवा तुझ्या ओढणीचं टोक दे. आणि मोजायला शिकव. "दहा म्हटलं की संपलं," मग सावकाश एक ते दहा. पहिले चार दिवस रडेल, पाचव्या दिवशी तोच मोजायला लागेल.

कधी कधी पाजता पाजता अंगावर शिसारी येते, मुलाला ढकलून द्यावंसं वाटतं. असं झालं तर स्वतःला वाईट आई ठरवू नकोस. गरोदरपणात पाजणाऱ्या पुष्कळ जणींना हे होतं. रात्री थकल्यावर, उपाशीपोटी जास्त. उशाशी पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याचा लाडू ठेव.

तुझं स्वतःचं खाणं. गरोदरपणासाठी ३५० कॅलरी जास्त लागतात, पाजण्याच्या वेगळ्या. दोन्ही मिळून दिवसाला एक भाकरी, वाटीभर उसळ, मूठभर शेंगदाणे आणि एक केळं एवढं रोजच्या जेवणावर वाढव. आता फॉलिक ॲसिड सुरू असेलच. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक आणि कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, एकमेकांना अडवतात. लोह लिंबूपाण्याबरोबर घे आणि पुढे-मागे तासभर चहा नको. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं, किंवा चौथ्या महिन्यानंतर महिन्याला दीड-दोन किलो वजन वाढत नसेल, तर पाजणं कमी करायचा विचार कर. तिथे हट्ट नको.

तोडायचं ठरलंच तर एकदम नाही. कडुनिंब, कोरफड, मिरची लावायची नाही, आणि त्याला चार दिवस माझ्याकडे पाठवूनही द्यायचं नाही. आई आणि दूध दोन्ही एकदम नाहीसं केलं तर मूल जेवणही टाकतं. सर्वांत सोपी वेळ आधी सोड, बहुतेक दुपारची. त्या वेळी बाहेर ने, खाऊ दे. आठवडाभर जाऊ दे, मग दुसरी वेळ. झोपतानाची सर्वांत शेवटी, आणि ती निखिलरावांच्या मदतीशिवाय सुटणार नाही. छाती दाटली तर बरं वाटेल इतकंच पिळून काढ, रिकामी करू नकोस, नाहीतर पुन्हा भरते. थंड पाण्याची घडी ठेव. घट्ट पट्टा बांधायचा नाही, गाठ होते. गाठ लाल, गरम झाली आणि ताप आला तर डॉक्टर. दूध आटवायच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर या दिवसांत घेऊ नकोस.

आणि चालू ठेवलंस तर बाळंतपणानंतरचे पहिले चार दिवस महत्त्वाचे. चीक पहिल्यांदा धाकट्याचा. तो दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिईल, आणि प्रत्येक वेळी आधी तोच. चिनू नंतर. चिकाने चिनूला एक-दोन दिवस पातळ शी होईल, औषध नको. दुसऱ्या खेपेला पाजताना पोटात कळा जास्त येतात, गर्भाशय आवळत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होईल, तेव्हा चिनू कामाला येतो. बाळाच्या तोंडात मावत नसेल तर तेवढ्यापुरतं आधी चिनूला मिनिटभर पाजून बोंड मऊ करून घे. धाकट्याला पुरतंय का हे लंगोटांवरून कळतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला किमान सहा ओल्या, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत. बाजू वाटून द्यायची गरज नाही. एकाच्या तोंडात पांढरी बुरशी आली तर मात्र दोघांवर आणि तुझ्यावर एकदमच उपचार लागतात.

सिझर झालंच तर चिनूला मांडीवर घ्यायचं नाही. तू कुशीवर, पोटापुढे उशी, आणि तो पाय तुझ्यापासून लांब करून. त्याची लाथ कुठे बसते ते तुला माहीतच आहे.

मी नववा लागला की येते. तोवर त्याला निखिलरावांजवळ झोपायची सवय लावून ठेव, दवाखान्यातल्या रात्री मला एकटीला तो आवरायचा नाही. हळीव आणते, पण ते बाळंतपणानंतरच.

तुझी,
आई