'संजीवनी' अजून डुकरांच्या हृदयातच आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या आरोग्य पानावर 'हार्ट अटॅकवर संजीवनी, मायक्रोआरएनएचं इंजेक्शन' अशी बातमी आली. आमच्या सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावरच्या काकांनी ती कापून पाकिटात ठेवली आहे आणि ठरलेली अँजिओग्राफी पुढे ढकलायचं म्हणतायत. "इंजेक्शन येतंय ना, मग कशाला हातात नळी घालून घ्यायची?" म्हणून हे पत्र.

नौपाड्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन, हे बाण फळ्यावर इतक्यांदा काढले की झोपेतही काढीन. त्या बाणांत मायक्रोआरएनए कुठेच नव्हता. १९९३ साली तो व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकून यांना मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडला. २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा मी निवृत्त.

मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचाच तुकडा, जेमतेम बावीस अक्षरांचा. हॉटेलात वेटर ऑर्डरच्या चिठ्ठ्या भटारखान्यात टोचून जातो ना, तशा पेशीत प्रथिनांच्या चिठ्ठ्या येत असतात. मायक्रोआरएनए त्यातली नेमकी चिठ्ठी ओढून फाडतो. सिलिंडर संपत आला असेल तेव्हा हे फार उपयोगाचं. धमनी तुंबून प्राणवायू कमी पडला की हृदयपेशीत मिर-२१० वाढतो ('मिर' म्हणजे मायक्रोआरएनए, पुढचा आकडा त्याचा क्रमांक) आणि तंतुकणिकांचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांचा, प्राणवायूचा खर्च आखडता घेतो. मिर-२१ पेशीला आत्मघाताकडे ढकलणाऱ्या एका प्रथिनाची चिठ्ठी फाडतो. पण मिर-३२० उलट्या स्वभावाचा. उंदरांत तो दाबला तेव्हा हृदयाची इजा कमी झाली. म्हणजे कोण वाढवायचा आणि कोण दाबायचा, इथूनच प्रश्न.

आमच्या ह्यांना चार वर्षांपूर्वी अटॅक आला. पहाटे पाच वाजता घाम आणि जबडा दुखणं. आम्ही ओवा दिला, सोडा दिला, गॅस असेल म्हणून साडेआठपर्यंत बसलो. नंतर इको काढताना डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. हृदयाची बाकीची भिंत आत-बाहेर होत होती, पुढचा एक पट्टा मात्र नुसता इतरांबरोबर ओढला जात होता. मग त्यांनी विचारलं, आधी चालताना छातीत दुखायचं का? दुखायचं. स्टेशनच्या पुलाचे जिने चढताना दोन दिवस दुखलं होतं. हे म्हणायचे, पिशवी जड होती. डॉक्टर म्हणाले, रक्त थोडा वेळ कमी पडण्याच्या त्या छोट्या चिमट्यांनी हृदयाला तयार करून कदाचित थोडे स्नायू वाचवले.

ही गोष्ट १९८६ मध्ये कुत्र्यांवर दिसली होती. पाच-पाच मिनिटं चारदा रक्त अडवून सोडलं आणि मग चाळीस मिनिटं अडवलं, तर मेलेला स्नायू एरवीच्या चौथ्या हिश्शावर आला. पुढे उंदरांत या पूर्वतयारीमागे मिर-२१ चा हात आढळला. (हे आता ती जड पिशवी मिरवतात. मिरवण्यासारखं त्यात काही नाही, दुखलं त्याच दिवशी ईसीजी काढायला हवा होता.)

आपल्या बातमीत न आलेली गोष्ट अशी. २०१९ मध्ये अटॅक दिलेल्या डुकरांच्या हृदयात विषाणूच्या पाठीवरून मिर-१९९ए चा जनुक सोडला. महिन्याभरात व्रण लहान झाला, आकुंचन सुधारलं. पण तो तुकडा तयार होणं थांबेना, थांबवायची सोयच नव्हती. बहुतेक डुकरं पुढे ठोके बिघडून अचानक मेली. चिठ्ठ्या फाडणारा माणूस भटारखान्यातून बाहेर काढता आला नाही, एवढंच.

संशोधन खोटं आहे असं मी म्हणत नाही, मला तर त्याचं वेड लागलंय. पण 'संजीवनी' हा शब्द मथळ्यात कुणी घातला? प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला, हे मथळ्याखालच्या पहिल्या ओळीत छापायला काय हरकत होती?

कृपया तसा खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात द्यावा. काकांची तारीख येत्या गुरुवारची आहे. त्याआधी छापलंत तर बरं होईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
नौपाडा, ठाणे पश्चिम