हाफ तिकीट

डोंबिवली,
१८ जानेवारी

प्रिय वसंता,

परवा फोनवर सांगायला गेलो आणि घसा दाटून आला, म्हणून लिहितोय. ‘शोआ’ पाहिला. क्लॉद लांझमानचा, १९८५ सालचा, नऊ तासांहून मोठा माहितीपट. मला चार रात्री लागल्या.

ज्यूंच्या संहारावरचा सिनेमा म्हणजे प्रेतांचे ढीग दिसणार, या तयारीनं बसलो होतो. त्यात तसलं जुनं चित्रण एकही नाही. माणसं बोलतात, मधे रान दिसतं, रूळ दिसतात, मालगाडी जाते. अब्राहम बोंबा नावाचा न्हावी गिऱ्हाइकाचे केस कापता कापता सांगतो, की पोलंडमधल्या त्रेब्लिंकाच्या नाझी छावणीत मरायला आणलेल्या बायकांचे केस त्याला कापावे लागायचे. एक दिवस त्याच्या जोडीदाराची बायको आणि बहीण आत आल्या... इथवर येतो आणि थांबतो. टॉवेलनं तोंड पुसतो. पुढचं बोलवत नाही त्याला. मी टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पण मला खरं हलवलं ते एका कागदानं. राऊल हिलबर्ग हे इतिहासकार जर्मन रेल्वेचा एक आदेश वाचून दाखवतात. मालगाडीचं टाइमटेबल रे, दुसरं काही नाही! पन्नास वॅगन, कुठल्या स्टेशनावर किती वाजता, त्रेब्लिंकाला कधी पोचणार, तिथून रिकामी कधी सुटणार. मग तोच रेक पुढच्या गावाला. त्यावर ‘गुप्त’ असा शिक्कासुद्धा नाही. असले कागद आपण रेल्वेत जन्मभर हाताळले, म्हणून तो मला एका नजरेत वाचता आला. वसंता, वाचता आला हेच सोसवत नाही.

आणि त्या गाड्यांतून मरायला नेलेल्या माणसांना भाडं लावलेलं होतं. माणशी, किलोमीटरमागे, थर्ड क्लासच्या दरानं. चारशेच्या वर माणसं असली की पार्टी बुकिंगची सवलत. दहा वर्षांखालच्या पोराला हाफ तिकीट, चार वर्षांखालच्याला फुकट. सगळं एकेरी. सोबतच्या पहारेकऱ्यांचं मात्र जाऊन-येऊन. त्रेब्लिंकात १९४२-४३ मध्ये सात ते नऊ लाख माणसं मारली. त्यांतल्या पोरांचं वय कुणीतरी टेबलाशी बसून मोजलं असणार, बेरीज ताडून पाहिली असणार.

तिथं पोचवणारा पोलिश इंजिन ड्रायव्हरही बोलतो. दारू प्यायल्याशिवाय तो वास सोसवायचा नाही, म्हणतो. निदान त्याच्या नाकापर्यंत वास तरी पोचत होता. ऑफिसातल्या कारकुनाला काय पोचलं असेल? शाईचा वास? मी असतो तर आदेश परत पाठवला असता, असं म्हणायला गेलो, पण छातीवर हात ठेवून म्हणता येईना. तीस वर्षांत मी वरून आलेला एकही कागद परत पाठवलेला नाही.

काल सून म्हणाली, कोल्हापूरची तिकिटं काढा. छकुलीचं वय विचारलं. “चार पूर्ण, बाबा. तिचं लागत नाही ना?” मी मान हलवली आणि फोन खाली ठेवला. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

तू ये रे एकदा, मुक्कामालाच ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता