स्मृती-तपासणीची शिबिरे नकोत, आधी कान तपासा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) लवकर ओळखण्यासाठी ज्येष्ठांची स्मृती-तपासणीची शिबिरे घ्यावीत, अशी मागणी वारंवार होते. आमचा तिला विरोध आहे. तक्रार नसलेल्यांना सरसकट चाचणी लावली की धडधाकट माणसे घाबरून घरी जातात आणि खऱ्या रुग्णाने पुढे कुठे जायचे हे कोणीच ठरवलेले नसते. ही तपासणी रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या ओपीडीत व्हावी, तीही ज्यांना स्वतःला किंवा घरच्यांना शंका आहे त्यांचीच.

सुरुवात घरच्या माणसापासून करावी. एखादे नाव चटकन न आठवणे वयानुसार होतेच. पण तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, गोळ्या दोनदा घेणे, पैशांचा हिशेब न जमणे हे वर्षभरात वाढले आहे का? बदल दोन-तीन दिवसांतच झाला असेल तर आधी डिलिरियमचा, म्हणजे आजारपणामुळे अचानक होणाऱ्या बुद्धिभ्रमाचा, संशय घ्यावा. त्यामागे जंतुसंसर्ग किंवा सोडियमची घट असू शकते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

मग कानातला मळ काढावा, चष्मा लावायला सांगावा आणि नंतरच चाचणी घ्यावी. ज्याला शब्द नीट ऐकूच आले नाहीत, तो ते विसरला असे कसे म्हणणार? मिनी-कॉग या स्मृतीच्या छोट्या चाचणीला सुमारे तीन मिनिटे लागतात. तीन शब्द सांगायचे, अकरा वाजून दहा मिनिटांचे घड्याळ काढायला लावायचे, मग तेच शब्द विचारायचे. प्रत्येक शब्दाला १ गुण, बरोबर घड्याळाला २. पाचपैकी ३ पेक्षा कमी आले तर सविस्तर तपासणी, लगेच निदान नव्हे. शाळेत न गेलेल्यांना घड्याळ काढायला लावणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी लिहिण्यावाचण्यावर न बेतलेली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात हवी.

मेंदूच्या स्कॅनआधी रुग्णाच्या औषधांची पिशवी उघडावी. क्लोरफेनिरामिन (सर्दी-ॲलर्जीचे), अमिट्रिप्टिलिन (नैराश्य व वेदनांचे), ऑक्सिब्युटिनिन (वारंवार लघवीचे) यांसारखी औषधे स्मृतीला लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनाचे काम अडवतात. झोपेच्या गोळ्यांनीही विसरणे वाढते. मात्र यातले काहीही एकदम बंद करू नये. वर्षानुवर्षे मधुमेहाचे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. बी-१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, सोडियम, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या एकाच वेळी व्हाव्यात. नैराश्याची विचारपूस राहून जाते, ती राहू नये. अलीकडे पडल्याचा इतिहास असेल तर सीटी स्कॅन हवाच, कारण मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचू शकते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे बदलता येणारे १४ धोके आहेत. ते सगळे दूर झाले तर सुमारे ४५ टक्के रुग्णांमध्ये स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा त्याचा अंदाज आहे. मध्यम वयातली श्रवणहानी आणि वाढलेले एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल यांचा वाटा त्यात सर्वात मोठा आहे. तरीही श्रवणयंत्र वाटले की काम संपले, असे मानले जाते. कानात बसणारा साचा सैल असला की यंत्र शिट्टी वाजवते, आवाज जुळवलेला नसला की भांड्यांचा खणखणाट असह्य होतो आणि यंत्र कपाटात जाते. म्हणून दोन-चार आठवड्यांनी फेरजुळणी आणि बॅटरीची सोय योजनेतच असावी.

चाचणीत कमी गुण, पण रोजचे व्यवहार शाबूत, अशांना स्मृतिभ्रंश झाला असे सांगू नये. त्यांतले काही स्थिर राहतात, काही सुधारतातही. त्यांची नोंद ठेवून सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा बोलवावे आणि तोवर रक्तदाब, साखर व चालण्याचा व्यायाम यांकडे लक्ष द्यावे. हा क्रम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी आदेशाने कळवावा आणि पुढच्या तपासणीसाठी एक ठरलेले रुग्णालय नेमून द्यावे, ही विनंती.

आपले,
स्मृतिभ्रंशाच्या निदान व उपचारात काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका