काठी, गज आणि साखळी लोकांसमोर मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जमिनीची मोजणी आता उपग्रहाच्या संकेतांवर चालणाऱ्या रोव्हरने होऊ लागली आहे, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र ज्या मापांनी आपल्या गावांचे बांध आणि नकाशे आखले गेले, ती मापे प्रत्यक्ष पाहण्याची सोय सामान्य माणसाला जवळपास कोठेच उरलेली नाही. जुन्या कागदात ‘इतक्या काठ्या’ असे लिहिलेले असते. ती काठी किती लांब, हे शेतकऱ्याला तर सोडाच, त्याच्या वकिलालाही बरेचदा सांगता येत नाही.

जुनी मापे हाताबोटांवरून घेतलेली, म्हणून ती अंदाजपंचे असणार, असा एक समज सर्रास आढळतो. तो खोडून काढणे मला अगत्याचे वाटते. मापाचा उगम शरीरात असला, तरी राज्यकारभाराला प्रत्येकाचा वेगळा हात चालत नाही, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अंगुळ म्हणजे आठ यवांची (जवाच्या दाण्यांची) रुंदी किंवा मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली जाडी, असे सांगून पुढे 24 अंगुळांचा हात ठरवला आहे. शिवाय कुरणासाठी 28, सुतारकामासाठी 42 आणि जंगलासाठी 54 अंगुळांचे निराळे हातही दिले आहेत. कामागणिक माप बदलते, पण प्रत्येक माप अंगुळांत बांधलेले आहे.

शिवकाळाचा दाखला तर याहून बोलका आहे. सभासद बखरीत जमीन मोजण्याची काठी पाच हात पाच मुठींची सांगितली आहे आणि तेवढ्यावर न थांबता हात चौदा तसूंचा (तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग) व सबंध काठी 82 तसूंची, असे स्पष्ट नोंदवले आहे. पाच हातांचे 70 तसू झाले, म्हणजे उरलेले 12 तसू पाच मुठींचे. मोजणाऱ्याचा हात लांब की आखूड, मूठ मोठी की लहान, या गोष्टींना मग वावच राहत नाही. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि असे 120 बिघे म्हणजे एक चावर. रयतेवरचा सारा ज्या मापावर बसायचा, ते माप इतके काटेकोर बांधून घेणे हा न्यायाचाच भाग होता, असे माझे ठाम मत आहे.

पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या मोजणीत 33 फुटी साखळी आली. तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. साखळीचा चौरस 1089 चौरस फूट भरतो, तोच आपला गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. आज सातबारावर हेक्टर-आर असले, तरी गावातला व्यवहार गुंठ्यातच बोलला जातो.

प्रमाण मापाला विश्वास मिळतो तो ते चारचौघांत असल्यामुळे. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दाराशेजारी भिंतीत कापड मोजण्याच्या दोन लोखंडी पट्ट्या आजही जडवलेल्या आहेत. गिऱ्हाईकाला शंका आली, तर माप तिथेच ताडून पाहता येई. फ्रान्समध्ये मीटर नवा होता, तेव्हा लोकांच्या ओळखीसाठी पॅरिसमध्ये ठिकठिकाणी संगमरवरी मीटर बसवले गेले. त्यांतला एक लक्झेंबर्ग राजवाड्यासमोरील भिंतीत अजून पाहायला मिळतो.

आपल्याकडेही प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी, लोकांची ये-जा असलेल्या भिंतीवर काठी, गज, 33 फुटी साखळी आणि मीटर ही मापे दगडात किंवा धातूत कायमची बसवावीत, अशी माझी शासनाला विनंती आहे. तसूची लांबी सगळीकडे सारखी नव्हती, तेव्हा काठी व गजाची लांबी इतिहास संशोधकांकडून प्रांतवार तपासून घ्यावी आणि कोणत्या आधारावर ती ठरवली, तेही खाली कोरावे. जुन्या साखळ्या जेथे शिल्लक असतील तेथे त्या भंगारात काढण्याआधी जिल्हा वस्तुसंग्रहालयाकडे सोपवाव्यात, आणि तसा आदेश रोव्हरची खरेदी चालू असतानाच निघावा.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, सातारा